घाणीला शब्द पाचच

आमच्या कंपनीत धूळ साचू देत नसत. दर दोन तासांनी कुणीतरी फडकं घेऊन यायचं, फरशी, टेबलं, दाराच्या मुठी पुसायचं आणि रजिस्टरमध्ये सही करून जायचं. त्यामुळे तिथं साचण्यासारखं एकच उरलं, ते म्हणजे किस्से! त्यांना ना फडकं लागतं, ना सही. नोकरी सोडून मला बरीच वर्षं झाली, पण चार जुनी माणसं भेटली की पहिल्या चहालाच सुरुवात होते, आणि तिसऱ्या चहापर्यंत कुणी घरी जायचं नाव काढत नाही.

चिकलठाण्याला आमचा गोळ्या-औषधांचा कारखाना. मी क्वालिटीत, कागदपत्रांच्या टेबलावर. केमिस्ट्रीशी माझा काही संबंध नाही, मी इंग्रजीची एम.ए. शिवाय स्वभाव असा की एका जागी दहा मिनिटं बसवत नाही. पायाला भिंगरी आणि डोक्यात भुंगा. तरी मला घेतलं, कारण कंपनीला घाणीचा त्रास झाला होता. म्हणजे घाणीच्या शब्दाचा.

*

मुलाखत घेतली देशमुख सरांनी. हे आमचे क्वालिटीचे साहेब. देवगाव रंगारीकडचे, घरची शेती, रसायनशास्त्र तोंडपाठ. इंग्रजीबद्दल मात्र म्हणायचे, "इंग्रजीशी आपलं भावकीसारखं हाय. बोलणंचालणं हाय, जिव्हाळा नाय!"

पहिलाच प्रश्न, "मॅडम, घाणीला इंग्रजीत शब्द किती?"

मला वाटलं, हा माणूस आपली फिरकी घेतोय. पण हौस दांडगी, म्हणून सुरू झाले. डर्टी, फिल्दी, सॉइल्ड, स्टेन्ड, ग्रबी, मकी, फाउल... सतरापर्यंत गेले. मग वापर सांगायला लागले. रागानं बघितलं तर डर्टी लुक. लबाडी केली तर डर्टी ट्रिक. शिवराळ माणूस म्हणजे फाउल माउथ. आणि अफाट श्रीमंत असेल तर फिल्दी रिच.

"थांबा, थांबा!" सर खुर्चीत पुढं सरकले. "श्रीमंताला घाण म्हणत्यात?"

"हो सर."

"आन् ही लोकं स्वतः एवढी टापटीप?"

"हो सर."

सरांनी टेबलावर थाप मारली. मग म्हणाले, "बरोबर हाय. ज्याच्या घरात जे लई, त्यालाच नावं लई!"

मग त्यांनी खरी गोष्ट सांगितली. माझ्या आधीच्या माणसाने एका पिंपाच्या झाकणावर जरा धूळ बघितली आणि रिपोर्टात लिहिलं, 'फिल्दी'. झाकण हो, नुसतं झाकण! वाचणारा परदेशात. त्याच्या डोळ्यांसमोर काय उभं राहिलं देव जाणे, त्याने अख्खा माल परत पाठवला.

"तुमचे सतरा शब्द चांगले हायेत," सर म्हणाले. "पण पाच पुरेत. बाकीचे बारा घरी ठेवा."

*

ते पाच शब्द मोठ्या अक्षरांत छापून भिंतीवर लागले, खाली मराठीत अर्थ. डस्टी म्हणजे धूळ बसलीय, फडकं मारा आणि विसरा. स्टेन्ड म्हणजे डाग, धुतला तरी जात नाही पण कुणाचं काही वाकडंही करत नाही. सॉइल्ड म्हणजे वापरून मळलेलं. डर्टी म्हणजे धुवायला हवं होतं आणि कुणीतरी धुतलं नाही. सगळ्यात खाली कंटॅमिनेटेड. नको ते आत गेलं, माल फेका आणि चौकशी बसवा.

तक्त्यासमोर सगळ्यात जास्त वेळ उभे राहिले रफीकभाई. ते वॉशिंगचे प्रमुख. औषधं जिथं ढवळली जातात ती माणसाच्या उंचीची स्टीलची भांडी धुणं हे त्यांचं काम. पांढरी दाढी, खिशात कायम बॅटरी. भांडं धुऊन झालं की झाकण उघडून डोकं आत घालायचे, बॅटरी लावायचे, आणि आतून आवाज यायचा, "हौ. हो गया." हा 'हौ' आल्याशिवाय भांड्याला हिरवा टॅग लागत नसे.

"मॅडम, ये सॉइल्ड और डर्टी में फरक क्या?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "रफीकभाई, दिवसभर काम करून तुमचे कपडे मळले तर ते सॉइल्ड. वापरले म्हणून मळले, त्यात चूक कुणाची नाही. तेच कपडे न धुता उद्या घालून आलात तर डर्टी."

ते दाढीवरून हात फिरवत तक्ता बघत राहिले. "मतलब कसूर किसका, वो लफ्ज के अंदरच लिखा है," ते म्हणाले. "हमारे में तो मैला बोल दिया, बस. आदमी बिचारा मारा जाता."

एम.ए.ला दोन वर्षं घालवून मला हे इतकं नीट कळलं नव्हतं. मी मुकाट्यानं जागेवर येऊन बसले. म्हणजे दहा मिनिटं बसले.

*

भांडं अस्वच्छ असेल तर रफीकभाई त्याला लाल टॅग बांधायचे. प्लॅस्टिकचा तळहाताएवढा टॅग, दोरी लावलेला, वर इंग्रजीत छापलेलं 'टू बी क्लीन्ड', खाली बांधणाऱ्याची सही. एकदा बांधला की धुऊन, बॅटरी लावून, तपासून होईपर्यंत सोडायचा नाही. साक्षात मालक आला तरी नाही.

त्यात त्यांचा स्वतःचा एक कायदा होता. डाग भांड्याला लागला तर एक टॅग भांड्याला. आणि तो डाग जिथून आला, दुसरा टॅग तिथं! "नै तो मय रोज भांडा धोता रहूंगा और वो रोज मैला करता रहेगा," असं त्यांचं म्हणणं.

एकदा हिरवा टॅग लावलेल्या भांड्यावर तेलाचा ठिपका दिसला. रफीकभाईंनी भांड्याला लाल टॅग बांधला आणि दुसरा हातात घेऊन अख्खा कारखाना पालथा घातला. जेवणाच्या सुट्टीत मेंटेनन्सचा माणूस सापडला. त्याच्या वरच्या खिशात तेलकट पाना होता. रफीकभाईंनी पाना काढला, त्याला टॅग बांधला, सही केली आणि पाना परत त्याच्या खिशात ठेवून दिला.

तो माणूस दिवसभर छातीवर 'टू बी क्लीन्ड' लटकवून हिंडला. संध्याकाळी पाना घासून पुसून घेऊन आला तेव्हा रफीकभाईंनी बॅटरी लावून बघितला, टॅग सोडला आणि म्हणाले, "तू नै, तेरा पाना. दिल पे मत ले."

*

देशमुख सरांचा एक चहाचा मग होता. पांढरा, आतून तपकिरी. आमच्या लॅबमध्ये वैशाली नावाची केमिस्ट होती, जिभेला हाड नाही. ती एकदा मग हातात घेऊन म्हणाली, "सर, हा डर्टी आहे."

"स्टेन्ड हाय," सर म्हणाले. "तक्ता बघा. डाग हाय, धुतला तरी जात नाय, कुणाचं वाकडं करत नाय."

"धुऊन बघितलाय का कधी?"

"त्यात काय बघायचं? दहा वर्षांचा डाग हाय तो!"

वैशालीने मग लॅबमध्ये नेला. खाण्याचा सोडा आणि लिंबू घेऊन पाच मिनिटं घासला आणि पांढराशुभ्र करून सरांच्या टेबलावर आणून ठेवला. "गेला, सर. म्हणजे डर्टीच होता!"

सरांनी त्यात चहा ओतला, एक घोट घेतला, मग खाली ठेवला. तोंड असं केलं की जणू काढाच प्यायले.

"चव गेली," ते म्हणाले. "चहा त्या डागात होता."

*

आता पाच शब्द पुरतात हा सरांचा भ्रम कसा गेला ते सांगते.

लॅबमध्ये शुद्ध पाण्याच्या बाटल्या असतात, औषध तपासायला लागतात. एका नव्या केमिस्टला उन्हाळ्यात तहान आवरली नाही. त्याने एक बाटली सरळ तोंडाला लावली! वैशालीने बघितलं आणि असा आरडाओरडा केला की मी दोन खोल्यांपलीकडून धावत गेले. तोवर घाबरून त्याने बाटली परत रांगेत ठेवली होती आणि आता एकसारख्या सहा बाटल्यांतली ती कुठली, हे खुद्द त्या केमिस्टलाही सांगता येईना.

काम थांबलं, रिपोर्ट लिहिणं आलं. मी तक्त्यासमोर उभी. डस्टी नाही. स्टेन्ड नाही. सॉइल्ड, डर्टी, काहीच नाही. कंटॅमिनेटेड म्हणावं तर पुरावा नाही, कारण पाणी तपासलं तर निर्मळ निघालं. पण त्या सहा बाटल्यांतल्या पाण्याला हात लावायला अख्ख्या लॅबमध्ये एक माणूस तयार होईना!

परदेशातल्या गिऱ्हाईकाचा फोन आला. त्यांचा माल अडकला होता. देशमुख सरांनी स्पीकर लावला. समोरून विचारणा झाली, पाणी कंटॅमिनेटेड आहे का?

"नो सर."

मग डर्टी आहे का?

"नो, नो सर."

मग अडचण काय आहे?

सरांनी माझ्याकडं बघितलं. माझे सतराच्या सतरा शब्द पळून गेलेले.  शेवटी त्यांनी फोनजवळ तोंड नेलं आणि जीव तोडून सांगितलं, "सर, इट इज उष्टं!"

पलीकडून 'व्हॉट?' आलं. मग मी कसंबसं समजावलं, की एकानं तोंड लावलेलं दुसऱ्याला चालत नाही, मग ते कितीही स्वच्छ असो. त्यांना पटलं की नाही कोण जाणे. पण दुसऱ्या दिवशी त्यांचा मेल आला. मोजकाच, कामाचा. त्यात विचारलं होतं, 'हाऊ मेनी बॉटल्स आर उष्टं?'

सरांनी तो मेल छापून तक्त्याखाली चिकटवला. सहावा शब्द मात्र छापायला नकार दिला. म्हणाले, "हा आपला हाय. त्यांना उसना दिलाय फक्त."

*

मग ते वर्ष आलं ज्या वर्षी माझी झोप उडाली.

रफीकभाईंच्या निवृत्तीला महिनाच उरला होता. कंपनीचा नवा कारखाना शेंद्र्याला उभा राहत होता आणि तिथल्या नव्या पोरांना धुणं शिकवायला माणूस हवा होता. निवृत्तीनंतर तिथं जायला रफीकभाईंचं नाव ठरलं, पत्र टाइप होऊन देशमुख सरांच्या ड्रॉवरमध्ये पडलं. वरून अट एकच होती. परदेशातून तपासणीचे साहेब येणार होते. त्यांच्या रिपोर्टात रफीकभाईंच्या सहीच्या एका जरी भांड्यापुढं 'डर्टी' आलं, तर ते पत्र फाडायचं.

रफीकभाईंना ते काम किती हवं होतं हे मला ठाऊक होतं. एकदा म्हणाले होते, "बत्तीस साल भांडे धोया, मॅडम. घर में बैठके क्या धोऊं? बेगम किचन में घुसने नै देती. बोलती, तुम कप धोते तो बॅटरी लाके देखते, मेहमान घबराते!" हसले, पण हसताना बॅटरीचं बटण उगाच चालू-बंद, चालू-बंद करत होते. मला फार वाईट वाटलं.

तपासणीला आठवडा राहिला आणि आमच्यापैकी कुणाचाच पाय ठरेना. सर दिवसातून चारदा तोच कॉरिडॉर बघून यायचे. वैशाली लेबलं सरळ करायची, परत वाकडी करून परत सरळ करायची. मी जुने रिपोर्ट उघडून 'डर्टी' शोधत बसायची. घरी जेवताना नवऱ्याच्या शर्टाची कॉलर दिसली तरी मनात शब्द ठरवायची. तो म्हणाला, "माझ्याकडं असं बघू नकोस. मी धुतलेला आहे!"

तपासणीच्या आदल्या दिवशी वॉशिंगच्या बाहेरच्या हात धुवायच्या खोलीत ओल दिसली. बेसिनच्या कडेलाच भिंतीला पोपडे धरलेले आणि दोनचार तुकडे बेसिनमध्ये पडलेले. आत जाणाऱ्या प्रत्येकानं तिथं हात धुऊन रजिस्टरमध्ये सही करायची असा नियम. सर तिथं पोचले तर बेसिनला एक लाल टॅग आणि भिंतीतल्या खिळ्याला दुसरा! सही रफीकभाईंची.

"रफीकभाई!" सर जवळजवळ रडवेले झाले. "हे काय? उद्या साहेब येणार!"

"मैला है, सर."

"मला दिसतंय मैला हाय! एका दिवसात भिंत वाळती का? तुमच्याच पत्रासाठी चाललंय ना हे सगळं?"

"भिंत को मेरा पत्र नै मालूम, सर," रफीकभाई म्हणाले.

बेसिन घासून घेतलं, त्याचा टॅग रफीकभाईंनी स्वतः सोडला. भिंतीचा काही सोडेनात. शेवटी ते घरी गेल्यावर सरांनी चौघांना लावून एक कपाट आणलं आणि टॅगसकट त्या भिंतीला टेकवून उभं केलं. ओल झाकली गेली. पण कपाट एवढं जाड, की नळ अर्धा त्याच्या मागं गेला. हात धुवायचा तर कमरेत वाकून, मान तिरकी करून धुवावा लागे. मला ते बघून धाकधूक झाली होती. मी बोलले नाही. ती चूक माझी.

*

साहेब आले. उंच, लाल, अबोल. सकाळभर कागद बघितले, एक शब्द बोलले नाहीत. नुसतं 'हं'. त्या प्रत्येक 'हं'ला सर खुर्चीत दचकत होते.

दुपारी जेवण. सरांनी शहरातून खास नान-खलिया मागवला होता, मटणाचा हळदीनं पिवळाजर्द रस्सा आणि नान. साहेबांनी चमचा शोधला, तर सर म्हणाले, "नो सर, नो. हँड. ओन्ली हँड!" साहेबांनी आधी दोन बोटं बुडवली, मग चार. पहिल्यांदा त्यांचा चेहरा सैल झाला. नानचा शेवटचा तुकडा त्यांनी ताटलीत गोल फिरवला, कागदी रुमालाला हात पुसले आणि उठले. सर माझ्या कानात म्हणाले, "जिंकलं आपण!"

मग वॉशिंगकडं निघालो. हात धुवायच्या खोलीत शिरताच साहेब बेसिनकडं वळले. सरांना दिसलं कपाट, अर्धा नळ, आणि कपाटाआडून लोंबणारी लाल टॅगची दोरी. त्यांनी चपळाईनं मध्ये येऊन पाहुण्याला वाट करून दिली, "प्लीज सर, प्लीज, धिस वे सर! यू आर गेस्ट!" एका हातानं दार उघडलं, दुसऱ्या हातानं हातमोजे दिले. साहेब आत. रजिस्टरमध्ये सही नाही, हात धुतलेले नाहीत. मी मागून हे सगळं बघत होते.

आत पाच भांडी रांगेत उभी. पाचांना हिरवे टॅग, पाचांवर रफीकभाईंची सही. रफीकभाई धुतलेल्या पांढऱ्या कपड्यांत एका बाजूला. साहेबांनी पहिल्यात बॅटरी मारून बघितली, हं. दुसरं भांडं, हं. तिसऱ्या भांड्याच्या झाकणाला पांढरी रबरी कड असते. ती खरखरीत झालीय का हे बोटाला कळतं, मोज्यातून कळत नाही. म्हणून साहेबांनी उजव्या हातातला मोजा काढला आणि कडेवरून बोट फिरवलं. पुढं जाऊन चौथं, पाचवं बघितलं आणि परत फिरले.

तिसऱ्याच्या पांढऱ्या कडेवर पिवळा डाग होता. बोटभर लांब.

साहेब थांबले. टॅगवरची सही वाचली. विचारलं, हे कुणी धुतलं?

 सर मागं वळून कपाटाच्या दिशेनं बघायला लागले. मला सगळं कळलं होतं आणि सांगायला तोंड उघडत नव्हतं. पाहुण्याला, तेही घरच्या पाहुण्याला, जेवून उठल्यावर तुमचेच हात खरकटे आहेत म्हणून कुणी सांगायचं? आणि नाही सांगितलं तर तो शब्द कागदावर येणार, आणि रफीकभाईंचं पत्र फाटणार!

"मय," रफीकभाई म्हणाले आणि पुढं आले. "आय क्लीन."

साहेबांनी वही उघडली, पेनचं टोपण काढलं.

रफीकभाईंनी खिशातून बॅटरी काढली, डागावर धरली. वाकून वास घेतला. परत एकदा घेतला. मग हिरवा टॅग सोडला, लाल टॅग काढला, भांड्याला बांधला आणि शांतपणे सही केली. माझा जीव गेला. म्हटलं, संपलं, यांनी स्वतःच कबूल केलं.

पण त्यांनी दुसरा टॅग काढला.

"रफीकभाई, नको," सर कुजबुजले. "रफीकभाई, हात जोडतो!"

रफीकभाई माझ्याकडं वळले. "मॅडम, साहबकू बोलो, इजाजत हो तो जरा सीधा हात."

मी सांगितलं. साहेबांनी काही न समजून उजवा हात पुढं केला. रफीकभाईंनी त्या मनगटाला लाल टॅग बांधला. सुरगाठ मारली, खाली सही केली आणि एक पाऊल मागं सरले.

साहेबांनी टॅग वाचला. मग बोट वर धरून बघितलं. मग कडेवरचा डाग बघितला. मान, कान, सगळं आणखी लाल झालं. खाली वहीवर पेन टेकवून त्यांनी मला विचारलं, तुमच्याकडं याला शब्द कोणता वापरतात?

एम.ए. इंग्लिश मी. एक शब्द आठवला तर शपथ!

"सॉइल्ड बोलो, मॅडम," रफीकभाई म्हणाले. "खाना खाया, हात को लग गया. इसमें किसीका कसूर नै."

मी तेवढं शब्दाला शब्द सांगितलं.  साहेबांनी रफीकभाईंकडं बघून मान डोलावली. मग पेनला टोपण लावलं आणि मनगटावरच्या टॅगसकट हात धुवायला गेले. काचेतून आम्हाला दिसत होतं. कमरेत वाकून, मान तिरकी करून धूत होते.

"पत्र गेलं तुमचं," सर पुटपुटले. "लई वंगाळ झालं, रफीकभाई. कपाट मी ठेवलं आन् भोगायचं तुम्ही."

रफीकभाईंनी फक्त बॅटरीचं बटण चालू करून बघितलं, उजेड नीट आहे ना.

साहेब आले. रजिस्टर काखेत घेऊनच आले, त्यात सही केलेली. सरांना म्हणाले, हा माणूस नव्या लोकांना शिकवतो का?

मी मराठीत सांगायच्या आत सर ओरडले, "येस सर! फ्रॉम नेक्स्ट मंथ, सर! शेंद्रा!"

रफीकभाईंचं तिकडं लक्षच नव्हतं. त्यांनी साहेबांचा हात आपल्या हातात घेतला होता. तळवा बघितला, उलटा करून बघितला. एकेक बोट. नखांपाशी बॅटरी जवळ नेली आणि थांबले.

"नै, मॅडम," ते म्हणाले. "नाखून में हल्दी बाकी है. बोलो उनकू, फिरसे."

मी सांगितलं. आणि साहेब परत गेले.